किलोचा भाव आणि आत्तींची सही

लग्न होऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांच्या घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, मी एम.कॉम. झालेली, कॉलेजात कॉमर्स शिकवणारी, म्हणजे या घरात माझ्या शब्दाला काहीतरी किंमत असेल. किंमत होती, पण ती लाइटचं बिल वाचून दाखवण्यापुरती. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, यजमान त्यांना आबा म्हणायचे, आणि सासूबाईंना मी आत्ती. मामांनी एकदा माझं पुस्तक हातात घेतलं, दोन पानं उलटली आणि विचारलं, "ह्येच्यात लोखंड कितीला घ्यायचं ते लिवलंय का?" मी नाही म्हणाले. "मग ठेव तिकडं," म्हणाले आणि चहाला बसले.

मामा स्वतः मोल्डर म्हणून सुरू झालेले. दुसऱ्याच्या भट्टीवर वाळूचे साचे दाबत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं आणि मग स्वतःची भट्टी टाकली. इंजिनांना, पंपांना लागणारे लोखंडी भाग ओतून द्यायचे हा धंदा. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची. त्या दिवशी घरातलं सगळं बोलणं आखडतं व्हायचं, कारण ओतकाम बिघडलं तर मामा घरी येऊन ताटावरच भडकायचे.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली ती वर्षं. उद्यमनगरात माणसं एकमेकांना भेटली की तब्येतीच्या आधी विचारायची, "काय, आज किती वतलं?" उत्तर टनात. ज्याचे टन जास्त तो मोठा. भाव ठरायचा तो किलोवर. कसलाही भाग असो, जाड असो की नाजूक, वजनकाट्यावर टाकायचा, किलोचा भाव लावायचा, पैसे मोजायचे. कुणालाही त्यात काही चुकतंय असं वाटायचं नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मग पुण्याच्या एका कारखान्याचा खरेदी साहेब आला. त्यांना एका पंपाचा भाग हवा होता, आम्ही आधीपासून ओतत होतो तसलाच, आणि तो महिन्याला इतका हवा होता की आमचं तेव्हाचं सगळं काम दुप्पट झालं असतं. शिवाय भाव किलोला आठ आणे जास्त. मामा त्या दिवशी घरी आले ते चपला काढायच्या आधीच सांगत आले. "आठ आनं जादा! सगळ्या उद्यमनगरात कुनाला न्हाई असला भाव." दुसऱ्या दिवशी सगळ्या उद्यमनगराला ते कळलेलं होतं, कारण मामांनी ते स्वतः फिरून सांगितलं होतं.

एवढं काम काढायचं तर दुसरी भट्टी पाहिजे. मामांनी भट्टीचं पत्र्याचं काम करणाऱ्याला इसार देऊन टाकला. बाकीच्या पैशांसाठी बँक. बँकेला तारण पाहिजे. तारण म्हणजे मंगळवार पेठेतलं राहतं घर, आणि घर आत्तींच्या नावावर. त्यांच्या वडिलांनी दिलेलं सोनं मोडून ते बांधलं होतं म्हणून कागद त्यांच्या नावाचा. मामांची एवढी एक गोष्ट मला फार आवडायची, की बायकोच्या सोन्याचं घर त्यांनी बायकोच्याच नावावर ठेवलं होतं. त्यामुळे बँकेच्या कागदावर सही लागणार होती ती आत्तींची. साहेब गुरुवारी येणार होता. त्याच बैठकीत करार आणि तारणाचे कागद दोन्ही उरकायचं ठरलं.

रविवारी दुपारी मी शेंगा सोलत होते. आत्ती शेजारी येऊन बसल्या, सुपात हात घातला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी सही कशावर करायची हाय, ते मला कळंल असं सांग बघू."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. या घरात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या विषयातलं विचारत होतं. मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी सुरू झाले. आकडे समजायला सोपे करून सांगते, आत्तींनाही तसेच सांगितले होते. लोखंड आणि कोळसा मिळून किलोला एक रुपया. मोल्डरांचा पगार, वाळू, भाडं, वीज हे सगळं वर्षभरात ओतलेल्या वजनाने भागलं तर किलोला ऐंशी पैसे. म्हणजे किलोला खर्च एक ऐंशी, जुना भाव दोन रुपये, सुटतात वीस पैसे. नवा भाव अडीच रुपये. सुटतील सत्तर पैसे. "साडेतीन पट नफा, आत्ती," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली नाही. "मग पुन्याचा मानूस आपल्याला आठ आनं जादा का द्यायलाय? त्याला काय आपल्या घरची काळजी लागलीया?"

मी हसले. पण तो प्रश्न काही जाईना. खरंच, का देतोय? रात्रभर नाही, पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकवताना दोनदा वाक्य अर्धवट सोडलं आणि मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हिशोब पुन्हा केला. बरोबर. तिसऱ्यांदा केला. बरोबरच. एखादी गोष्ट चुकली आहे हे पोटात कळतंय आणि कागदावर सापडत नाही, यासारखा संताप दुसरा नाही. मी सोमवारी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि मामांनी ताट सरकवलं.

मंगळवारी भट्टी होती. साहेबाच्या नव्या भागाचे आणखी नमुने त्या दिवशी ओतायचे होते. कॉलेज सुटल्यावर मी घरी न जाता सरळ फौंड्रीत गेले. मामांना बायका तिथे आलेल्या आवडायच्या नाहीत. ते भट्टीजवळ होते, मी दाराशीच उभी राहिले. जमिनीवर ओळीने पेट्या मांडलेल्या. लोखंडी चौकट, आत दाबलेली वाळू, वाळूत भागाचा पोकळ आकार. एका पेटीत एक भाग. दारापासून पार मागच्या भिंतीपर्यंत पेट्याच पेट्या, माणसाला पाय ठेवायला जेमतेम वाट. वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला जात होता आणि त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे घामाने चकचकत होते.

माझे यजमान माझ्याजवळ आले. डिप्लोमा झालेले, मामांच्या हाताखाली काम करणारे, मामांच्या पुढे तोंड न उघडणारे. मी विचारलं, "नवे कुठले?" त्यांनी दाखवले. पेटी तीच. अगदी तीच, त्याच मापाची.

"आतली पोकळी एवढी बारीक का?"

"साहेबानी डिझाइन बदललंय. भिंत पातळ केली. पूर्वीचा धा किलोचा होता, हा सहा किलोचा. पंप हलका होतो ना."

कोपऱ्यात मागच्या खेपेच्या, निवलेल्या नमुन्यांचा ढीग होता. त्यातले काही अर्धवट भरलेले, एका बाजूने तोंड वासल्यासारखे. पातळ भिंतीत रस पोचायच्या आधीच थिजतो, असं त्यांनी सांगितलं. "पाचातला एक जातोय सध्या. पण त्याचं काय, परत भट्टीत टाकायचा. लोखंड वाया काय जात न्हाई आपल्यात."

वाया काय जात नाही! हे वाक्य त्या घरात मी लग्नाच्या दिवसापासून ऐकत होते. आणि तिथे उभ्या उभ्या, धुराने डोळे चुरचुरत असताना, मला चूक दिसली. लोखंड वाया जात नव्हतं. पेटी वाया जात होती. ज्या मोल्डरने ती पेटी दाबली त्याचा वेळ कुठल्या भट्टीत टाकून परत मिळणार होता?

मी चालतच घरी निघाले, रिक्षाचं सुचलंच नाही. रस्त्याने तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होते. जुना भाग दहा किलोचा, दोन रुपयांनी वीस रुपये. लोखंडाचे दहा गेले, उरले दहा. एका पेटीमागे पगार-भाडं-वाळू आठ रुपये. सुटले दोन. नवा भाग सहा किलोचा, अडीचने पंधरा रुपये. लोखंडाचे सहा गेले, उरले नऊ. पेटीचे आठ तेवढेच, कारण पेटी तीच. सुटला एक. आणि पाचातला एक रिजेक. पाच पेट्यांचा खर्च चाळीस, चार चांगल्या भागांचे उरलेले छत्तीस. दर पाच पेट्यांमागे चार रुपये घरातून घालायचे. जुन्या पेटीइतकं सुटायचं तर नगाला साडेअठरा-एकोणीस रुपये तरी मिळायला हवेत. हे काम जितकं जास्त तितका तोटा जास्त, वर बँकेचं व्याज. आम्ही किलोचा भाव बघत होतो आणि साहेबाने किलोच कमी करून टाकले होते. मी वर्गात मुलांना सरासरी खर्चावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका असं दर वर्षी सांगायची, आणि घरी स्वतःच पगार, भाडं सगळं किलोवर वाटून बसले होते.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. त्यांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना समजलं होतं. मला वाटलं, सुटलो.

"आबांना मी न्हाई सांगणार," ते म्हणाले.

"का?"

"इसार दिलाय. सगळ्यांना सांगून बसलेत. आता मागं सरले तर लोक तोंडावर हसतील त्यांच्या."

"इसाराचे पैसे गेलेच की! घर घातलं म्हणून ते परत येणार आहेत का?" माझा आवाज चढला होता. "गेलेल्या पैशांसाठी राहिलेले घालायचे, हे कुठलं शहाणपण?"

"हळू बोल. आबा ऐकतील."

"ऐकू देत!"

पण मामांनी ऐकलं नाही, आणि मीही त्यांच्या खोलीत गेले नाही. राग कितीही असला तरी त्या माणसाची मला भीती वाटायची. ती साधी भीती नव्हती. आवाज चढला की त्यांच्या कपाळावर शीर उभी राहायची आणि मला शब्द सुचायचे नाहीत. बुधवारी मी आत्तींना सगळं सांगितलं, पाटावर दाणे मांडून. आत्ती दाण्यांकडे बघत राहिल्या.

"म्हंजे पेटी तीच, गडी तेच, आन् हातात दाम कमी?"

"हो."

"मग ह्यास्नी का कळंना?"

"मामा किलो बघतात, आत्ती. सगळेच किलो बघतात."

त्यांनी दाणे गोळा करून डब्यात भरले. सही करणार की नाही, हे मी विचारलं तर त्या डबा फळीवर ठेवायला उठल्या. मी रात्री यजमानांना म्हणाले, "त्या करणार नाहीत सही. त्यांना कळलंय." स्वतःला धीर द्यायलाच म्हणाले.

गुरुवारी साहेब आला. पांढरा शर्ट, चामड्याची बॅग, पुण्याची तुटक भाषा. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. बँकेचा माणूसही आला. मी आत पोह्यांवर खोबरं घालत होते, पण कान सगळे बाहेर, त्यामुळे अर्धं खोबरं ओट्यावर. बाहेर मामा खुशीत होते, मोठमोठ्याने हसत होते. नमुन्याचा एक भाग टेबलावर ठेवलेला. करार वाचून झाला. मग मामांनी हाक मारली, "अगं, ये भाईर. सही करायची हाय."

आत्ती डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर गेल्या. मी दाराआड. मला वाटलं त्या आता नाही म्हणणार. त्या खुर्चीवर बसल्या, बँकेच्या माणसाने बोट ठेवून जागा दाखवली, आणि आत्ती शांतपणे म्हणाल्या, "सुनंला सायबांस्नी एक इचारायचं हाय म्हनं. त्येवढं हूं दे."

मामांचं हसणं थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि मला पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

"काय इचारायचंय तुला?" शीर उभी राहिलेली.

मी साहेबाकडे पाहिलं, मामांकडे पाहायची हिंमत नव्हती. "तुम्ही भाव नगावर द्याल का? किलोवर नको. एका नगाला एकोणीस रुपये."

साहेब हसला. "वहिनी, कास्टिंगचा भाव किलोवरच असतो. सगळीकडे."

"आत जा," मामा म्हणाले.

"मामा, जुन्या नगाचे वीस येत होते. ह्याचे पंधरा येतात."

"आत जा म्हनतोय न्हवं!"

"पेटी तीच लागते मामा. तुम्हीच सांगा, एक गडी दिवसात जुन्या किती पेट्या दाबतो आणि ह्याच्या किती?"

हे मी कसं बोलले मला ठाऊक नाही. रडू येत होतं आणि रडू आल्याचा राग येत होता. मामा उठले. मला वाटलं आता हात उगारतात की काय. पण ते टेबलापाशी गेले आणि त्यांनी तो नमुन्याचा भाग उचलला. एका हातात तोलला. मग त्याच्या पातळ भिंतीवरून अंगठा फिरवला, हळू, आतल्या बाजूने. बँकेच्या माणसाने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

मामांचे ओठ हलत होते. ते आकडेमोड करत नव्हते, पेट्या मोजत होते. त्यांनी तीस वर्षं पेट्या दाबल्या होत्या, आणि मालक झाल्यापासून टन मोजायला लागले होते. पोह्यांवरची वाफ गेली.

"पावनं," मामा साहेबाला म्हणाले, "नगावर देताय का?"

"ते शक्य नाही. तुम्ही नाही केलंत तर दुसरं कुणीही करेल. आठ आणे जास्त आहेत."

"व्हय. करंल की." मामांनी भाग परत टेबलावर ठेवला. "त्येला द्या. मला न्हाई परवडत."

साहेबाने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मामांनी ऐकलंच नाही, पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "खाऊन जावा." तो न खाता गेला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मामा माझ्याशी बोलेनात. उद्यमनगरात चर्चा झालीच की बँकेने यांना पैसे नाकारले म्हणून ऑर्डर गेली, आणि मामांनी कुणालाच खरं सांगितलं नाही. पाहुण्यासमोर सुनेने हिशोब शिकवला, हे सांगण्यापेक्षा बँकेने नाकारलं हे बरं, असं त्यांना वाटलं असणार. मला त्याचं फार लागलं. इसार बुडाला. ती ऑर्डर दुसऱ्या एकाने घेतली. त्याने ती कशी चालवली, त्याचे रिजेक कमी झाले की नाही, मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. काही लोक म्हणायचे बरं चाललंय, काही म्हणायचे तोंड मिटून सोसतोय. मामांनी मात्र त्या पावसाळ्यापासून नाजूक कामाचा भाव नगावर सांगायला सुरुवात केली. दोन गिऱ्हाइकं तुटली, एक टिकलं. माझ्याशी त्यावर एक शब्द नाही. फक्त एकदा, जेवताना, यजमानांना म्हणाले, "त्या पंपाच्या झाकनाचा नगाचा हिशोब काढून ठेवायला सांग." कुणाला सांग, ते बोलले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी चटणीच्या मिरच्यांची देठं काढत गच्चीवर बसलो होतो. नाकातोंडात खकाणा गेलेला, डोळ्यांतून पाणी. मी जरा फुशारकीतच होते. वर्षभर कुणी कौतुक केलं नव्हतं, म्हणून स्वतःच विषय काढला. म्हणाले, "आत्ती, तुम्ही त्या दिवशी सही केली नाहीत म्हणून घर राहिलं."

"मी कुठं न्हाई म्हनलो?"

कोल्हापुरात बायका स्वतःला असंच म्हणतात, आलो, गेलो, म्हणलो. पण मी हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं ते त्यामुळे नाही.

"म्हणजे? तुम्हाला कळलं होतं ना सगळं?"

"कळलं हुतं की. चांगलं सांगितलंस तू."

"मग मामा नको म्हणाले नसते तर?"

"तर केली असती सही."

"आत्ती! घर गेलं असतं!"

"गेलं असतं," त्या म्हणाल्या. मूठभर मिरच्या उचलून त्यांनी माझ्या सुपात टाकल्या. "चार मानसात नवऱ्यानं बोलावलं आन् मी न्हाई म्हनू? तुला कळलं, मला कळलं, त्येचा काय उपेग? त्यास्नी कळाय पायजे हुतं. म्हनून तर तुला भाईर बोलावलं."

मी त्या गच्चीकडे, खालच्या घराकडे पाहिलं. मला वाटत होतं की एकदा समजलं की माणूस वाचतो. मी तेच शिकवत आले होते. त्या दिवशी हे घर कशावर उभं होतं ते मला आता कळलं. त्या पातळ भिंतीवरून फिरलेल्या मामांच्या अंगठ्यावर, तेवढ्याच एका गोष्टीवर.

"आणि मला बोलायला जमलं नसतं तर?" मी विचारलं.

आत्तींनी पदराने डोळे पुसले, मिरचीचे. "तर काय. सही करून आत आलो असतो आन् तुझे गार झालेले पोहे गरम केले असते," त्या म्हणाल्या आणि पुढची मिरची उचलली.